चतुराचे पंख

दोघी जावा एकाच कारखान्यात खपायच्या. संग्रहालयांना जुनीपुराणी जनावरं बनवून द्यायची, हा घरचा धंदा. थोरली जनावरं घडवायची, धाकटीकडे झाडंझुडपं आणि किडे.

यंदा देखावा दलदलीचा होता, डायनासोर जन्मायच्याही आधीचा. चिखल, डोक्याच्या वर गेलेले नेचे, मधोमध पाठीवर शीड उभारलेलं दांडगं जनावर. आणि वर तारेला लटकलेला चतुर, पंख पसरून अडीच फूट! त्या पंखांची जाळी विणता विणता धाकटीच्या डोळ्यांच्या खाचा झाल्या होत्या.

आणि देखाव्यापुढच्या नावाच्या पाटीवर? सगळं काम एकट्या थोरलीचं.

"जाऊबाई, माझं नाव कुठंय?"

"अगं, घरात काय माझं-तुझं करायचं?"

"मग माझंच लिहा की सगळं!"

"पाटी लहान आहे गं."

धाकटी गप्प बसली. ती भांडली तर काळजी नाही. गप्प बसली, की समोरच्याचं काही खरं नाही.

उद्घाटनाच्या सकाळी ती चिखलाला शेवटचं वार्निश मारायला आत शिरली. येताना जनावराच्या पंजापाशी एक हिरवागार गवताचा झुबका खोचून आली. आता त्या काळात गवत कुठलं? कारखान्यातला पहिला नियमच तो: या दलदलीत गवत नाही, फूल नाही, पाखरू नाही. पहिलं पातं फुटायला अजून कोट्यवधी वर्षं होती.

पाहुणे जमले. थोरली मिरवत होती. "एकूणएक काम माझं हो! हा चतुरसुद्धा." संग्रहालयाचे साहेब कौतुकानं वाकले आणि तसेच थांबले.

"बाई, हे गवत?"

थोरलीचा चेहरा पांढराफटक. "गवत? छे... ते... झाडं माझी नाहीत!"

"पाटीवर तर सगळं तुमचंच."

"झाडं हिची! हिला विचारा!"

धाकटी मागनं पुढं आली. "हो साहेब, माझीच. नेचे माझे, शेवाळ माझं." मग वर बोट केलं. "आणि तो कुणाचा, जाऊबाई? सांगा की. त्याच्या पंखांत किती घरं आहेत ते सांगा, मी गप्प बसते."

थोरलीनं वर बघितलं, खाली बघितलं. सगळे तिच्याच तोंडाकडे.

"...तोही हिचाच."

"पाटी बदलावी लागेल," साहेब म्हणाले.

"मोठी करा जरा," धाकटी म्हणाली. "लहान पडते म्हणे."

मग ती गुडघ्यावर बसली आणि तो झुबका एका हिसक्यात उपटला. निघणारच, डिंक लावलाच कुठं होता! साहेब पाहुण्यांना घेऊन पुढं गेले, तसा तिनं तो थोरलीच्या हातात ठेवला.

"घ्या. आमच्या दलदलीत हे चालत नाही. तुम्ही चरा."

थोरली हातातलं गवत बघत उभी. धाकटीनं चतुराची तार जरा सैल केली. तो हातभर खाली आला आणि बरोबर थोरलीच्या डोक्यावर डुलू लागला.

"आता दिसतो नीट," ती म्हणाली आणि चहाला गेली.