दुरुस्तीले दिलेला पाय

डांबरला दवाखान्यातून घरी आणून आज नववा दिवस होता, आणि तो अजून एकदाही आपणहून उठला नव्हता.

सकाळी डोळे उघडले की आम्रपाली आधी कूलरकडे पाहायची. कूलरसमोर नवऱ्याने, संघपालने, गोदामातून आणलेला गोणपाटाचा बारदाना दुहेरी करून अंथरला होता, फरशीवर पाय सरकू नयेत म्हणून. त्यावर डांबर पसरलेला असायचा, नावासारखाच काळाकुळकुळीत. अंगात संघपालचा जुना निळा टी-शर्ट, गळ्यात नरसाळ्यासारखा प्लॅस्टिकचा पट्टा. जिथून मागचा डावा पाय निघायचा तिथे आता भादरलेली चामडी आणि एका ओळीत टाके. पोट हललेलं दिसलं की मगच तिचा दिवस सुरू व्हायचा.

"दोन-तीन दिवसांत उठेल बघा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या. "कुत्री आपल्यासारखी रडत बसत नाहीत. तीन पायांचा हिशेब त्यांना लवकर जमतो."

सहाव्या दिवशी फोन केला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "इतका पडून राहिला तर अंगाला जखमा होतील, ताई. छाती भरेल. टाके काढायला आणाल तेव्हा बघू. तोवर उठलाच नाही, तर मग त्याच्या हालांचा विचार करावा लागेल."

हालांचा विचार म्हणजे काय, ते आम्रपालीने मोबाइलवर वाचलं, शेवटच्या इंजेक्शनापर्यंत, आणि वाचून मोबाइल पालथा ठेवला. टाके काढायचे होते उद्या.

तिच्या हातून काही राहिलं नव्हतं. गोळी उकडलेल्या अंड्यात दडवून द्यायची. दिवसातून चारदा पोटाखालून टॉवेल घालून त्याला उचलायचं आणि गच्चीवर न्यायचं. तो पाण्याने भिजलेल्या पोत्यासारखा लोंबायचा, काम उरकायचा, की परत बारदान्यावर. हिरड्यांचा रंग पाहायचा, श्वास मोजायचे. एक गोष्ट मात्र तिला पाहवत नसे. डाव्या कानाला खाज सुटली की डांबर मान तिरकी करायचा आणि टाक्यांखालचं ते थोटूक भराभर हलायचं. पाय नाही, पण खाजवणं चालूच. कान तसाच राहायचा. मग ती पट्ट्याच्या आत हात घालून त्याचा कान खाजवून द्यायची, आणि तो डोळे मिटायचा. अशा वेळी तिला फाटकाची कडी आठवायची. अपघाताच्या सकाळी दूध आणायला जाताना ती कडी तिनेच लावली नव्हती. समोरच्या गोदामात ट्रक मागे घेत होते.

"उठला का बे, डांबऱ्या?" संघपालने चहाचा कप हातात धरून विचारलं. रोज विचारायचा. डांबरने शेपूट एकदा आपटली.

"अमू, उद्याची मी सुट्टी टाकली हाय," तो म्हणाला. "टाके काढू. अन् मॅडम जे म्हणन ते करू."

"ते म्हणजे काय?"

"तुले समजते न वं. काहून वदवून घेतं?"

"त्याला दुखतं म्हणून उठत नाही तो."

"नऊ दिवस?" संघपालने कप खाली ठेवला. "मले का वाईट नाही वाटत? आबाजीचा कुत्रा हाय तो. पण त्याच्या डोळ्यात पाहवत नाही आता. तू त्याच्यासाठी ठेवून राहिली का आपल्यासाठी, हे एकदा पाह्य."

आबाजी म्हणजे आम्रपालीचे वडील. इथल्याच एका गोदामावर ते पहारेकरी होते, आणि डांबर तिथेच त्यांच्या खाटेखाली लहानाचा मोठा झाला. त्यांनी त्याला एकच गोष्ट शिकवली होती, पण ती अशी पक्की की विचारू नका. 'बैस' म्हटलं की समोर मटणाचं हाड असलं तरी बसायचं. मागच्या हिवाळ्यात आबाजी दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. आम्रपालीची लेक पिंकी तेव्हा पावणेचार वर्षांची होती. "आबाजी कुठं हाय?" असं ती दारात उभी राहून विचारायची, आणि आम्रपाली म्हणायची, "दवाखान्यात आहेत, बरे झाले की येतील." उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता उन्हाळा आला. त्यांचा फोटो काच बसवून आणला होता, तो कागदासकट कपाटात होता; भिंतीवर लावला तर पिंकी विचारेल. त्यांची टॉर्च मात्र पिंकीने आपल्या खेळण्यांत ठेवली होती. रोज एकदा बटण दाबून बघायची. "आबाजी आले का मागतीन न," म्हणायची.

संघपाल कामावर गेला तशी खालून घरमालकीण रुखमाबाई वर आली. हातात डांबरसाठी दुधात कुस्करलेली पोळी, आणि तोंडात नेहमीप्रमाणे दुसरंच.

"अवं माय! आमच्या वेळेस लोकं कुत्र्याले दगडं मारत, अन् तू त्याले शर्ट घालून बसली. कॉलेजात हेच शिकवते का वं?"

"शर्ट नसला तर टाके चाटतो तो, मावशी."

"अन् उशी? ढुंगणाखाली उशी घ्याले तो का नवरदेव हाय?"

आम्रपालीने पाहिलं. खरंच, डांबरच्या डाव्या अंगाला, जिथे पाय नव्हता तिथे, पिंकीची छोटी उशी खोचलेली होती. सकाळीच तिने ती काढून पलंगावर टाकली होती. कालही काढली होती. झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही. आपणच कधीतरी ठेवत असू, असं तिला वाटलं.

"अन् हे गिट्टी काहून आणता घरात? माह्या पायाले रुतली." रुखमाबाईने पायाच्या अंगठ्याने एक खडा ढकलला. डांबरच्या पुढच्या पंज्यांसमोर एकेक आणि मागच्या उरलेल्या पंज्यासमोर एक, असे तीन खडे होते.

"पिंकी खेळते, मावशी."

"खेळू दे, लेकरू हाय." म्हातारीने वाटी डांबरच्या तोंडाशी सरकवली. त्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. रुखमाबाईने वाटी तिथेच राहू दिली. जाताना जिन्यावरून म्हणाली, "उद्या नेता म्हणते संघपाल. डोळे पुसून नेजो त्याचे. चिपड आले हायेत."

त्या बोलण्याने आम्रपालीचं उरलंसुरलं बळ गेलं. म्हणजे संघपाल खाली सांगून गेला होता. म्हणजे ठरलं होतं. तिने ओल्या फडक्याने डांबरचे डोळे पुसले. त्याने तिच्या मनगटाला एकदा जीभ लावली. "उठ न रे," ती म्हणाली. "एकदा उठ. माझ्यासाठी नको उठू, पण उठ." तो तिच्याकडे पाहत राहिला, जसं काही तीच एखादी गोष्ट विसरली होती आणि ती तिला कधी आठवते याची तो वाट पाहत होता.

दुपारी जेवण झालं. पिंकी सज्ज्यात बसून रस्त्यापलीकडचं ताराचंदचं गॅरेज पाहत होती. सुट्टी लागल्यापासून तिचा तोच उद्योग होता. ट्रकचं चाक निघून पंक्चरला जायचं, उरलेल्या चाकांपुढे दगड लावून ट्रक जॅकवर उभा राहायचा, चाक यायचं, ट्रक जायचा. आम्रपाली डांबरचे दोन टी-शर्ट धुवायला मोरीत गेली. नळ सोडला, आणि लगेच बंद केला. बाहेर प्लॅस्टिक घासल्याचा आवाज येत होता.

ती ओल्या हातांनी दारापर्यंत आली.

डांबर उठत होता.

पुढचे पाय ताठ रोवलेले. मागचा एकुलता पाय पोटाखाली सरकवून, थरथरत, तो आपलं धूड वर ओढत होता. पट्टा बारदान्यावर टेकला होता. निळ्या शर्टाखाली पाठीचा कणा कमानीसारखा झाला. अर्धा उठला. आणखी थोडा. आम्रपालीने दाराची चौकट घट्ट धरली. हाक मारली तर तो दचकेल, म्हणून ती मारली नाही.

"बैस!"

पिंकी सज्ज्यातून धावत आली होती. "डांबर, बैस! बैस म्हणली न मी!" तिने दोन्ही हात त्याच्या पाठीवर ठेवले.

आणि डांबर बसला. आबाजींनी शिकवलं होतं तसा, लगेच.

पिंकीने पलंगावरून उशी आणली आणि त्याच्या डाव्या अंगाखाली नीट खोचली. मग गुडघ्यांवर बसून तिन्ही खडे तिन्ही पंज्यांसमोर एकेक करून सरकवले. जीभ बाहेर काढून, फार मन लावून. "किती खेपा सांगू तुले?" ती म्हणत होती. "पाय यायचा हाय न अजून. चाक नसलं तर गाडी हलवू नाही. मोडते मग. ताराचंदमामा म्हणते." तिने फ्रॉकच्या खिशातून अर्धं बिस्किट काढून त्याच्या पट्ट्यात घातलं. त्याने ते खाल्लं.

आम्रपालीच्या डोळ्यांसमोर तो पहिला दिवस आला. ऑटोतून डांबरला उचलून वर आणलं होतं, हात भरून आले होते, आणि पिंकीने शर्ट वर करून विचारलं होतं, "आई, याचा पाय कुठं हाय?" एरवी ती लेकीशी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायची. त्या दिवशी तोंडातून निघालं ते संघपालच्या बोलीत. "दुरुस्तीले दिला." आणि वर, "येईल."

नऊ दिवस. नऊ दिवस तिने त्याच्या हिरड्या पाहिल्या, श्वास मोजले, आणि मोरीत, ओट्याशी, गच्चीवर जिथे जिथे ती पाठ फिरवत होती तिथे तिथे हे लेकरू आईच्या शब्दाला जागत होतं. उद्या सकाळी संघपाल त्याला उचलून नेणार होता, आणि त्याला उठू न देणारी आम्रपाली स्वतःच होती.

ती बारदान्यावर जाऊन बसली.

"पिंकी, त्याचा पाय येणार नाही."

"काहून? दुकान बंद हाय?"

"दुकान नाहीच आहे. त्याचा पाय फार चिरडला होता. डॉक्टरांनी कापून काढला. मी तुला खोटं सांगितलं."

पिंकीने शर्टाकडे पाहिलं. "कापून कुठं ठेवला?"

"माहीत नाही मला."

"मग तो कसा चालन?"

"तीन पायांवर."

"तीन चाकावर गाडी नाही चालत."

"तो गाडी नाही, बाळा. तो आता उठत होता ना, तसा उठेल. आपण त्याला बैस म्हणायचं नाही फक्त."

पिंकी खड्यांकडे पाहत राहिली. एक खडा तिने उचलला, मुठीत धरला. बाहेर ताराचंदच्या गॅरेजात कोणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं. आम्रपालीला वाटलं, झालं, संपलं, इतकंच होतं.

"अन् आबाजी?" पिंकीने विचारलं.

उत्तर जिभेवर तयारच होतं, सहा महिने वापरून गुळगुळीत झालेलं. बरे झाले की येतील. तिने तोंडही उघडलं. मग उरलेले दोन खडे दिसले.

"तेही येणार नाहीत."

"त्याईलेबी कापलं?"

"नाही. ते मेले, पिंकी. हिवाळ्यातच."

"तुले माहीत होतं?"

"हो."

पिंकी रडली नाही. रडली असती तर आम्रपालीला तिला कुशीत घेता आलं असतं. तिने फक्त विचारलं, "मग टॉर्च कोणाची हाय?"

"तुझी."

"मले नाही पाहिजे." ती उठली, मुठीतला खडा तसाच घेऊन सज्ज्यात गेली, आणि त्यांच्याकडे पाठ करून गजांशी बसली.

आम्रपाली बारदान्यावरच बसून राहिली. शेजारी बारदाना खसखसला. डांबरने खडे पंज्याने दूर केले, उशी मागे राहिली, आणि या वेळी त्याला कोणी अडवलं नाही. उठला. डावीकडे कलंडला, फरशीवर कोपर आपटून बसला, परत उठला. बारदाना संपला आणि गुळगुळीत फरशी सुरू झाली, तिथे मागचा पाय सटकला. आम्रपालीचे हात आपोआप पुढे गेले, आणि तिने ते मागे घेतले. एक उडी. थांबा. एक उडी. पट्टा दाराच्या चौकटीला धडकला, तो मागे सरला, मान वाकडी करून परत शिरला.

नऊ दिवस तिने हे मनात घोकलं होतं. तो उठला की आधी कोणाला हाक मारायची, संघपालला फोन कसा करायचा, पिंकीला उचलून कसं दाखवायचं. आता त्यातलं काहीच तिने केलं नाही.

डांबर पिंकीच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याची मांडी नुसती थडथडत होती. पिंकीने वळून पाहिलं नाही. पण पट्ट्याची कड तिच्या खांद्याला लागली, तशी ती थोडी सरकली आणि तिने शेजारची फरशी मोकळी केली.

"बैस," ती त्याला म्हणाली. "थकला अशीन."

तो बसला.

आम्रपाली उठून दारापर्यंत आली होती. ती चौकटीतच उभी राहिली. तिला कोणी बैस म्हटलं नाही.