धूळ बसवायचं पाणी

काचेची ती नळी बोटाएवढी, बंबाच्या टाकीच्या अंगाला चिकटलेली, आणि तिच्यातलं पाणी पार तळाला गेलेलं – श्रावण तिच्याकडेच पाहत होता. टाकीत किती पाणी आहे, ते तीच सांगते. अग्निशमनाच्या प्रशिक्षणात सहा महिने एकच गोष्ट घोकून घेतली होती : गाडी रिकामी उभी ठेवायची नाही. आज नोकरीचा पहिला दिवस, खाकी कपड्यांची घडीही मोडली नव्हती, आणि सकाळपासून त्यानं भिजवलं होतं ते नगराध्यक्षांच्या पोरीच्या लग्नाचं मैदान – पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून.

काका, टाकी भरून घेऊ? – एवढंच विचारायचं होतं. पण ड्रायव्हर शंकरसिंग मांडवाच्या सावलीत चहा पीत होता. "काहून बे नवरदेवा, उन्हात कायले उभा? लगन तुहं हाय का?" तो ओरडला, मांडववाले हसले, श्रावणही हसला. चार वर्षं भरतीसाठी पहाटे धावलो, तेव्हा कुठे ही जागा... पहिल्याच दिवशी शहाणपणा कशाला? उद्या बोलू.

आणि तेवढ्यात फोन आला. सात किलोमीटरवरच्या तांड्यावर घर पेटलं होतं.

भोंगा सुरू झाला तशी श्रावणची छाती आपोआप ताठ झाली. रस्ता मोकळा होत होता, एका म्हातारीनं गाडीला हात जोडले – जणू देवच चालला होता, आणि मागे टाकी रिकाम्या घागरीसारखी वाजत होती.

"काका, पाणी नाही टाकीत."

"मालूम हाय मले. भरत बसलो अन् उशीर झाला, त लोकायचे दगडं खाशील. आधी पोहोच."

पेटलेलं घर रुपीबाईचं. तिच्या पुढच्या खोलीत कापूस होता, भाव वाढेल म्हणून आढ्यापर्यंत रचलेला. कापूस आतून जळतो; वरून विझल्यासारखा दिसतो आणि पुन्हा धरतो. श्रावणनं पाइप ओढला, लोक बाजूला झाले, घागरी घेतलेल्या बायाही थांबल्या – आता गाडी आली ना! दोन चुळांएवढं पाणी पडलं... मग काहीच नाही. बाया पुन्हा विहिरीकडे धावल्या. पण त्या जेवढा वेळ थांबल्या होत्या तेवढ्यात आग आढ्याला लागली होती.

विझलं तेव्हा खोली उरली नव्हती. रुपीबाई काळ्या हातांनी त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"बापू, पाइपातून पाणी काहून नाही आलं रे?"

खरं सांगायची हीच वेळ होती. सगळा तांडा ऐकत होता. शंकरसिंग टायर पाहत होता.

"पंप अडकला, याडी." तिला त्यानं तिच्याच बोलीत आई म्हटलं.

"मशीनच थे," ती म्हणाली. "तू कायले तोंड पाडतं? धावत आला, थेच लय झालं." आणि तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्यानं ते सगळं प्यायलं.

परतताना शंकरसिंग गाणं गुणगुणत होता. श्रावण शरमेची वाट पाहत बसला – येईल, आता येईल, माणूस आहे मी, आल्याशिवाय कशी राहील... पण मन भलतीकडेच लागलं होतं. पंपाचं कारण एकदाच चालेल. पुढच्या वेळी रस्ता खराब होता म्हणावं, की फोनच उशिरा आला म्हणावं – तो दोन्ही वाक्यं मनातल्या मनात म्हणून पाहत होता, आणि दुसरं जास्त खरं वाटत होतं.