जाळलेल्या माणसाचा पत्ता

दत्तारामने आपल्या बापाला सतराव्या वर्षी जाळलं. बाप दर्भाचा होता. डोक्याच्या जागी नारळ, अंगाला पळसाची पानं, वर पांढरं धोतर. खरा बाप, आत्माराम, बोटीवर आगवाला होता, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. एकोणचाळीस साली गेला आणि गेला तो गेलाच. ना पत्र, ना निरोप. देवगडच्या बाजूच्या त्या गावात रीत अशी, की असा हरवलेला माणूस बारा वर्षं धरून ठेवायचा आणि मग पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. वाट बघायलासुद्धा गावाने हद्द घालून दिलेली. एक्कावन्न साली गावकी जमली, पोराचं मुंडण झालं, आईचं कुंकू पुसलं गेलं आणि आत्माराम गावापुरता मेला.

पुढे दत्ताराम मुंबईत आला, एका विमा कचेरीत चिकटला, चाळ सोडून मीरा रोडला ब्लॉक घेतला आणि ब्याण्णव साली रिटायर झाला. रिटायर झालेली माणसं सकाळी फिरायला जातात, सोसायटीत भांडणं उकरून काढतात. हा बाप शोधायला लागला. त्याला फार काही नको होतं. आपण अग्नी दिला तेव्हा बाप मेलेला होता की जिवंत, एवढंच कळायला हवं होतं. मेलेला असला तर मुलाने मुलाचं काम केलं. जिवंत असला तर... इथे त्याचं डोकं बंद पडायचं. आई होती तोवर हा प्रश्न त्याने तोंडातून काढला नव्हता. दर सर्वपित्रीला बापाच्या नावाने पान मात्र वाढत आला होता.

"अहो, चार दिवस नळाला पाणी नाही, ते शोधा आधी," मृणालिनी म्हणायची. "मामंजी चाळीस वर्षं थांबलेत, अजून आठ दिवस थांबतील." म्हणायची आणि डब्यात पोळीभाजी भरून द्यायची. बायको अशी असावी.

खलाशांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत त्याने सात खेपा घातल्या. कधी साहेब रजेवर, कधी कपाटाची चावी रजेवर. सातव्या खेपेला संघप्रिया नावाची नवी कारकून मुलगी भेटली. तिला अजून कामाचा कंटाळा करायला कुणी शिकवलं नव्हतं. तिने पदर खोचून माळ्यावरची रजिस्टरं खाली काढली आणि दुपारपर्यंत त्यातलं एक पान उघडून समोर ठेवलं.

"आत्माराम, आगवाला. अंगठा. बरोबर?" ती वाचत गेली. "त्रेचाळीसला बोट बुडाली, लढाईत. वाचलेल्यांत नाव आहे, काका. मग परदेशी बोटींवर. बावन्नच्या जानेवारीत मुंबईला उतरले. पुढे पत्ता बदललाय. मुक्काम घोडबंदर, जिल्हा ठाणे." तिने वर बघितलं. "घोडबंदर कुठे आलं हो?"

"माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं," दत्ताराम म्हणाला.

उत्तर मिळालं होतं. त्याने दर्भाला अग्नी दिला तेव्हा बाप कुठल्याशा समुद्रात कोळसा ओढत होता. काहीतरी वाटेल म्हणून दत्ताराम थोडा वेळ बाकावर बसून राहिला. काहीच वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, तसं सगळं सुन्न. त्याने चहा घेतला, अर्धा डझन केळी घेतली, घरी आला, बातम्या बघितल्या. मृणालिनीला सांगायला त्याला चार दिवस लागले. तिने ऐकलं आणि म्हणाली, "रविवारी जाऊन या. मी येत नाही. तुमचं तुम्ही बघा."

घोडबंदरला किल्ल्याच्या खाली खाडीकाठी रेतीच्या होड्या उभ्या होत्या. तिथल्या दोघा म्हाताऱ्यांना नाव सांगितलं, तर एकाने सरळ बोट दाखवलं. "आगबोटवाला? गोदूबाईची पडवी." एवढं सोपं होतं. चाळीस वर्षं एवढंच सोपं होतं.

गोदूबाई ऐंशीच्या पुढची. तिच्या नवऱ्याच्या होड्या होत्या आणि आत्माराम त्या होड्यांची डागडुजी करत बावीस वर्षं त्यांच्या पडवीत राहिला होता. दत्तारामने नाव सांगितल्यावर तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"कान त्याचंच हाईत," ती म्हणाली. "बस बाला."

"मावशी, ते गावी का आले नाहीत?"

"गेलता की. उतरल्या उतरल्या आगबोटीनं गेला. बंदरावरच गाववाला भेटला त्याला. बोलला, तुझ्या पोरानं जाळला तुला, आता वर्ष व्हईल. घरात शिरायचं तं पयला तुपाच्या पिपात बुडून नव्यानं जल्माला ये, मंग बारसं, मंग बायकोशी फिरून लगीन. न्हायतं घरावर येतं, आसं म्हनत्यात." ती दात नसलेल्या तोंडाने हसली. "तो बोलला, यातलं कायतरी चुकलं आन पोराच्या जिवावर आला तं? त्याच आगबोटीनं परतला. बायकोपोराला यातलं काय सांगू नको, आशी शपत घातली गाववाल्याला."

"पत्र तरी?"

"लिवता कुठं येत व्हतं? जोडीदार लिवून द्यायचा, ती पत्रं लढाईत पोचली न्हायत, मंग जोडीदारच बोटीसंगं बुडाला."

दत्ताराम मान हलवत होता. कचेरीत विम्याचे दावे ऐकताना हलवायचा तशी. "गेले कधी?"

"रेल्वेचा मोठा संप चालू व्हता. वैशाख वद्य एकादशी. माझा उपास व्हता, म्हून ध्यानात हाय."

म्हणजे चौऱ्याहत्तर. तिथी मिळाली. दत्तारामने ती खिशातल्या डायरीत लिहून घेतली, अक्षर अगदी वळणदार आलं. पेन मिटता मिटता त्याने सहज विचारलं, "मी इतकी वर्षं त्यांचं श्राद्ध घालत होतो. जिवंत माणसाला पान वाढत होतो. त्यांना ठाऊक असतं तर काय वाटलं असतं?"

"ठाऊक नव्हतं काय?" गोदूबाई म्हणाली. "सर्वपित्रीला आमच्याकडं तो घास घ्यायचा न्हाय. मी ताट नेलं का परत धाडायचा. आज पोरगा वाढतोय मला, म्हनायचा, दोन ठिकानी कसा जेवू? सकालपासून पडवीत बसून ऱ्हायचा, आंघोल करून, धुतलेला सदरा घालून. दिस मावलला का ढेकर द्यायचा. पोट भरलं, म्हनायचा."

"दर वर्षी?"

"एक वरीस चुकला न्हाय."

दत्ताराम मनातल्या मनात वर्षं मोजायला लागला. अडुसष्ट साली कचेरीत ऑडिट होतं. मृणालिनी बाळंतपणाला माहेरी होती. शेजारणीला स्वयंपाक सांगायचा त्याला कंटाळा आला होता आणि मेलेल्या माणसाला एक वर्ष उशीर झाला तर काय बिघडतं, असं म्हणून तो हॉटेलात मिसळ खाऊन कामावर गेला होता. सुन्नपणा सर्रकन उतरला आणि सगळं एकदम दुखायला लागलं.

"मावशी," तो म्हणाला, आणि त्याला हुंदका आवरेना, "एक वर्ष मी वाढलंच नव्हतं."