न ऐकणाऱ्यांची गल्ली

महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीतील आमच्या गल्लीत जर्मन रेडिओ कोणीही ऐकत नसे. तशी लेखी प्रतिज्ञाच होती. हवाई हल्ल्याच्या वेळी दिवे विझवून घेणारे स्वयंसेवक ऑग्ली यांनी घरोघरी फिरून सह्या घेतल्या होत्या. पहिली सही विधवा स्टबलीबाईंची होती. दुर्दैवाने त्यांनी प्रतिज्ञा पाळलीही.

त्यांचा मुलगा डेस्मंड बॉम्बफेकी विमानात मागची मशीनगन सांभाळी. मार्चमध्ये तार आली : 'बेपत्ता'. सरकारने हा शब्द फार विचारपूर्वक निवडला असावा. त्यावर रडताही येत नाही आणि गप्पही बसवत नाही.

आपला प्रचार इंग्रजांनी ऐकावा म्हणून जर्मन केंद्र अधूनमधून पकडलेल्या हवाई सैनिकांची नावे, घरच्या पत्त्यांसह, वाचून दाखवी. हे गल्लीत सर्वांना ठाऊक होते. कसे, ते कोणी विचारत नसे.

एका गुरुवारी मासळीच्या रांगेत लोकांनी स्टबलीबाईंना आपण होऊन पुढे जाऊ दिले. कुंपणाच्या भांडणापासून अबोला धरलेल्या नोरा पास्कने आपल्या रेशनचे आठवड्याचे एकुलते अंडे त्यांच्या पिशवीत ठेवले.

"अगं, हे कशाला?"

"असू द्या हो. अंगात ताकद हवी तुमच्या."

"धीर सोडू नका बाई," मासेवाला म्हणाला. "देवाला काळजी."

ग्रिम्सबीत घरात मयत झाल्याखेरीज इतका चांगुलपणा कोणाच्या वाट्याला येत नाही. बाईंनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. घरी जाऊन त्यांनी रस्त्याकडचे पडदे ओढून घेतले. भर दिवसा ओढलेल्या पडद्यांचा अर्थ आमच्याकडे एकच असतो.

गल्ली हादरली आणि ऑग्लींच्या दारात जमली.

"साहेब, सांगा तिला. पोरगं जिवंत आहे!"

"मला काय ठाऊक? मी ते केंद्र ऐकत नाही. तुम्ही ऐकलंत?"

"छे! आमच्या हिनं लंडन केंद्र लावताना काटा जरा सरकला."

"आमच्याकडे मांजरानं उडी मारली बटणावर."

"रोज संध्याकाळी मारतं वाटतं," नोरा म्हणाली.

"आणि तुला गं कसं कळलं?"

"भिंत पातळ आहे आपली."

तेवढ्यात एप्रनला हात पुसत ऑग्लीबाई बाहेर आल्या. "अहो, ती तिकडे काळे कपडे शोधत असेल, आणि तुम्ही सभा कसली भरवताय? चला!" नवऱ्याचा दंड धरून त्यांनी त्याला स्टबलीबाईंच्या दाराशी उभे केले. मागोमाग गल्लीही आली.

दार उघडले. ऑग्लींनी घसा साफ केला. "बाई, एका विश्वसनीय सूत्राकडून असं..."

"जिवंत आहे गं विनी," ऑग्लीबाई म्हणाल्या. "पाय मोडलाय, कैदेत आहे. काल नाव वाचलं, तुझ्या पत्त्यासकट."

स्टबलीबाई उंबऱ्यावरच बसल्या. रडू ओसरल्यावर त्यांनी मान वर केली.

"काल? म्हणजे मगाशी रांगेत तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं?"

सर्वांनी आपापले बूट न्याहाळले.

"आणखी कोणाकोणाची नावं होती? त्यांच्याही गल्लीत तुमच्यासारखेच सज्जन राहत असतील. बोला, मी आजच कळवते त्या आयांना."

नोराने लीड्सचा एक सांगितला. मांजरवाल्यांना दोन आठवले. ऑग्ली भिंतीकडे पाहत उभे होते.

"आणि डार्बीचा तो हॅलम," मासेवाला म्हणाला. "मिल रोड, घर नंबर एकोणीस."

"एकवीस," ऑग्ली म्हणाले.