आधी घेणाऱ्याचा हात

मातीत पडलेलं एक शिंग. टोकाला बेगड अजून चिकटलेली.

झरीच्या एका गोठ्यात बैल उठत नाही. मालक त्याची शेपटी पिळतो.

डबीतला चुना वाळला की त्यावर पाण्याचा थेंब टाकावा लागतो.

मागच्या पावसाळ्यात नामांतराच्या दंगलीत बाहेर निघालेल्या काठ्या अजून घरात परत गेलेल्या नाहीत.

शंभर गळ्यांतून एकच शब्द. तांबडा, तांबडा, तांबडा.

हे सगळं एकाच वर्षातलं आहे, १९७९ सालातलं. शब्द उठला तो पालमच्या बैलबाजारात, लिंबाखाली, हळद्याबाबाच्या परातीभोवती.

हळद्याबाबाचं काम इमान तपासण्याचं. विकत घेतलेला बैल वाईट निघाला की घेणाऱ्यानं बाबाकडे तकरार घेऊन यायचं. मग बाबा विकणाऱ्याला बोलावी. दोघांनी सर्वांसमोर पाण्यानं हात धुवायचे आणि ते न पुसता सौदा पुन्हा करायचा. बैलाचा भाव आमच्याकडे तोंडानं सांगत नाहीत. दलाल हातांवर उपरणं टाकतो, त्याखाली बोटं धरून भाव ठरतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. इथंही तसंच. बन्सीधर दलालाच्या उपरण्याखाली दोघांनी हात घालायचे, भाव बोटांनी पुन्हा बोलायचा. नंतर विकणाऱ्यानं हात हळदीच्या पाण्यात बुडवायचा. पिवळा निघाला तर माणूस इमानी. तांबडा निघाला तर बेइमान.

"ही हळद थेट देवाच्या अंगावरची," बाबा नाकात बोलायचा. "हिला डोळे हायत. तुमी बायकोला फसवताल, फौजदाराला फसवताल, हिला न्हाई. खोटं बोललेल्याच्या सात पिढ्यांचं रगत वर येतंय." सात पिढ्यांचं रगत एका परातीत कसं मावतं, हे कुणी विचारलं नाही. लोकांना निकाल हवा होता आणि तो लगेच मिळत होता. त्याआधी बैल घेणारा माणूस विकणाऱ्याच्या गावी जायचा, चार घरी चौकशी करायचा. बाबा आल्यावर ती पायपीट बंद झाली.

सुग्रीव बैल शिकवायचा. दोन गोऱ्हे घ्यायचा, त्यांना औताची सवय लावायचा, मग विकायचा. झरीच्या किशनरावानं त्याच्याकडून एक बैल घेतला, थेट त्याच्या दारातून, दलालाला न विचारता. दीड महिन्यानं किशनराव तकरार घेऊन आला. बैल विहिरीवरच्या मोटेला लावला की बसतो म्हणाला.

सुग्रीव दुसरा बैल सजवून विकायलाच बाजारात आला होता. त्यानं हात धुतले. उपरण्याखाली बोटं धरली. परातीत हात घातला.

हात बाहेर आला तो कोपरापासून बोटांपर्यंत नव्हे, फक्त पंजाच लाल, जणू कुणी सोललेला.

पहिली काठी कुणाची ते कुणाला सांगता आलं नाही. दुसरीपासून सगळ्यांचीच होती. सुग्रीव खाली पडला तेव्हा दोघांनी त्याचा तोच हात गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर धरला आणि तिसऱ्यानं जुवाची शिवळ, बैलाच्या मानेजवळची ती जाड लाकडी खुंटी, काढून मनगटावर घातली. एकदा, मग हाड आत गेल्यावर पुन्हा. बैल बुजला, दाव्याला हिसके देऊ लागला, म्हणून त्यालाही मारलं. त्याचं शिंग तुटलं. सुग्रीवच्या डोक्यात कुणीतरी दगड घातला आणि लोक दमल्यावर थांबले. बाबानं डोळे मिटून निकाल पुरा केला. पुढच्या बाजारी या घरातल्या माणसानं पुन्हा हात द्यायचा. पुन्हा तांबडा निघाला तर घरदार सोडून गावाबाहेर व्हायचं.

घरात दुसरं माणूस एकच, त्याची बायको झुंबरबाई.

पालमच्या शाळेतल्या कुसुमबाई सुग्रीवला भेटायला परभणीच्या दवाखान्यात गेल्या. तोंड सुजलेल्या सुग्रीवला बोलता येत होतं, पण सावकाश. कुसुमबाईंनी त्याला बैलाबद्दल काही विचारलं नाही. हात कुणी धुतले, पाणी कुठलं, नंतर काय झालं, एवढंच क्रमानं विचारलं. उपरण्यापाशी आल्यावर तो थांबला. म्हणाला, बोटांना भेगा होत्या, त्या उपरण्याखाली लय चुरचुरल्या. कुसुमबाईंनी उशाशी बसलेल्या झुंबरबाईला बाहेर नेलं आणि बराच वेळ समजावून सांगितलं.

पुढच्या बाजारी माणूस मावत नव्हता. काही जण मुलांना खांद्यावर घेऊन आले होते. झुंबरबाई पुढं झाली. किशनराव समोर उभा राहिला. दोघांनी हात धुतले, बन्सीधरनं उपरणं टाकलं, बोटं धरली, सोडली. बाबानं परात तिच्याकडे सरकवली.

तिनं हात मागं घेतला.

"मागच्या बाजारी पैला हात आमचा व्हता," ती म्हणाली. "आज पैला किशनरावांचा. तेन्ला कशाची भीती हाय?"

बाबा म्हणाला, घेणाऱ्याची परीक्षा नसते, घेणारा फसलेला असतो. गर्दीत कुजबुज झाली. मागून कुणी तरी हसून म्हणालं, "घाला की किशनराव, हळदीचा हात झाला तर नवरदेव दिसताल."

किशनरावाला खरोखर वाटत होतं की आपण खरे आहोत. त्यानं ऐटीत बाही वर केली आणि हात बुडवला.

तांबडा.

मग त्याच काठ्या त्याच जोरात किशनरावावर पडल्या. कुसुमबाई मध्ये घुसल्या. एक फटका त्यांच्या तोंडावर बसला, ओठ फाटला. त्या मागं सरल्या नाहीत. त्यांनी बन्सीधरच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि सगळंच्या सगळं परातीत कोंबलं. परातीतलं पाणी पिवळ्याचं लाल झालं.

"आता ह्याला मारा," रक्त थुंकत त्या म्हणाल्या. "या उपरण्यानं कुणाला बैल विकला?"

उगारलेल्या काठ्या न मारताच खाली उतरल्या. कुसुमबाईंनी मग वर्गात सांगतात तसं सांगितलं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू याच युक्तीनं करतात. उपरणं चुन्याच्या निवळीत भिजवून वाळवलेलं. ओला हात त्याखाली गेला की चुना लागतो, मग तो हात कुणाचाही असो. बन्सीधरच्या पिशवीत दुसरं उपरणं निघालं, साधं. त्याच्यामार्फत सौदा करणाऱ्यांसाठी ते. त्याला टाळणाऱ्यांसाठी हे.

बाबा तोवर लिंबामागून पळाला होता, त्याला ज्वारीच्या रानातून फरफटत आणलं. आता काठ्या या दोघांकडे वळल्या. बन्सीधर रडायला लागला. झुंबरबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"फौजदाराकडं न्या," ती म्हणाली. "तोंड शाबूत ठिवा. बोलायचंय त्येला."

दुसऱ्या दिवशी काही जण झरीला गेले. बैलाचा खांदा सोलून निघाला होता, बरगड्या मोजता येत होत्या. किशनराव त्याला उजाडल्यापासून मावळेपर्यंत मोटेला जुंपायचा आणि कडब्यावर ठेवायचा. तो बसला नसता तर मेला असता. हे पाहायला कुणालाही आधीही जाता आलं असतं.

वाचकहो, बैल घ्यायचा असेल तर ज्यानं त्याला जुंपलं त्याला विचारा. त्याच्या शेजाऱ्यालाही विचारा. एखादा कुणाला वाईट म्हणत असेल तर म्हणणाऱ्याच्या गोठ्यातही डोकावून या. एकाचा हात तपासायचा असेल तर दुसऱ्याचाही तपासा, आणि दोघांच्या हातांवर कापड कोण टाकतंय ते आधी बघा. या चौकशीला वेळ लागतो. तो द्या. काठीला वेळ लागत नाही, तेवढाच तिचा गुण.

सुग्रीव बाजाराच्या आदल्या दुपारी परभणीच्या दवाखान्यात वारला होता, आणि झुंबरबाई त्याचं सगळं उरकून तिथूनच एसटीनं बाजारात आली होती.