मॅडमच्या वर्गात सासरे

लसींच्या गोदामात मुकादमाचा दरारा असा, की तो नुसता खाकरला तरी हमालांच्या गप्पा बंद पडायच्या. हाच माणूस प्रशिक्षणाच्या वर्गात मात्र पहिल्या बाकावर शहाण्या पोरासारखा हाताची घडी घालून बसे. कारण शिकवणारी मॅडम त्याची सून होती.

"खोकी कोल्ड रूममधून बाहेर कधी काढायची?" मॅडम विचारी.

"गाडी माल चढवायच्या ओट्याला लागून दार उघडल्यावरच!" मुकादम ठणकावून सांगे आणि मागचे सगळे त्याची री ओढत. परीक्षेत सगळ्यांना पैकीच्या पैकी.

वर्ग सुटला की हीच मंडळी खोकी खुशाल आधीच काढून ओट्यावर रचत. ड्रायव्हर लोक पक्के वस्ताद. माल दिसला नाही की गाडी फाटकाशी लावून जे पसार होत, ते जेवून, डुलकी काढूनच उगवत. समोर माल दिसला तर हलत नसत. म्हणून माल आधीच मांडून ठेवायची युक्ती मुकादमाची, आणि तिचा त्याला अभिमानही होता. पण गाडी ओट्याला लागेपर्यंत बाहेर लसी तापत आणि दवाखाने त्या परत पाठवत.

हे वर्गात सांगायचं कोणी? सुनेला चारचौघांत खोटं पाडायचं मुकादमाच्या जिवावर येई. घरी ती विचारी, "बाबा, कामात काही अडत नाही ना?" "छे! झकास शिकवतेस," म्हणून तो मोकळा होई. सासऱ्याची उलटतपासणी घेणं तिलाही बरं दिसत नसे. मायेपोटी दोघांनी मिळून त्या वर्गाचं पार वाटोळं केलं होतं.

एकदा मोठे साहेब वर्गात येऊन उभे राहिले. "मॅडम, शिकवता उत्तम. पण माल परत येतोच आहे. या महिन्यात फरक पडला नाही, तर वर्ग बंद आणि तुमची नेमणूकही."

मॅडमचा चेहरा खाडकन उतरला. तरी तिने नेहमीचा प्रश्न विचारला. मुकादम उठला. नेहमीचं उत्तर जिभेवर आलंही, पण बोलवेना.

"मॅडम, तसं होत नाही. खोकी आधीच काढतो आम्ही. मीच काढायला लावतो."

मॅडम कानापर्यंत लाल झाली. मग खडू ठेवून तिने पहिल्यांदाच विचारलं, "का?"

घोडं कुठे पेंड खातंय ते कळल्यावर उपाय तिनेच काढला. हाकेला जो ड्रायव्हर हजर नाही, त्याची पाळी गेली, गाडी रांगेत शेवटी. साहेबांनी तिथल्या तिथे होकार दिला. ड्रायव्हरांनी सुरुवातीला आकांडतांडव केलं, मग मुकाट गाडीतच बसू लागले. महिनाअखेर परत येणारा माल नावापुरता उरला आणि मॅडमची नेमणूक टिकली.

त्या संध्याकाळी जेवताना सुनेने विचारलं, "बाबा, आधी का नाही सांगितलंत?"

"चारचौघांत तुझा अपमान..."

"घरात तर आपलीच माणसं होती. सून म्हणून जपत राहिलात आणि मॅडम म्हणून बुडवत होतात मला. फार लागलं ते."

मग सुनेलाच कसली तरी धास्ती वाटली. "आणखी कशाकशाला असं उगाच हो म्हटलंय तुम्ही?"

मुकादमाने ताट बाजूला सारलं.

"मागची खोली," तो म्हणाला. "तुझी सासू गेल्यावर तू विचारलंस, मागची खोली चालेल ना. मी म्हणालो, चालेल. तिथे कोणाचा आवाज येत नाही गं. जीव घाबरतो."

सून ताटावरून उठली. तिने बाहेर बसलेल्या नवऱ्याला हाक मारली, "अहो, बाबांची गादी पुढच्या खोलीत आणा. आत्ताच."