भिंतीला ठोकलेले गिरमिट

या मित्रांनो, जवळ या. आणखी जवळ. काचेला नाक टेकले तरी चालेल. माझ्याखालची पाटी मात्र वाचू नका. ती ज्याने लिहिली त्याने मला एकदाही हातात धरलेले नाही. मी तुम्हांला एका नदीची, एका बाईच्या पिंपांची आणि एका चोराची गोष्ट सांगतो. सांगताना माझा आवाज चढेल. चढू द्या. पुष्कळ वर्षे मी गप्प बसलो आहे.

मी एक जुने गिरमिट आहे. वीतभर लांब, टोकाला पीळ, लाकडात बारीक भोक पाडणारे. सोम्यूर गावच्या एका लोहाराने मला घडवले आणि अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवली. आधी मी पिंपे बनवणाऱ्या एका कारागिराकडे होतो. त्याने मला उर्बेन नावाच्या नावाड्याला दिले. तेव्हापासून मी उर्बेनच्या उजव्या बुटात राहू लागलो. का, ते सांगतो.

आमची नदी लुआर. समुद्राकडून वारा सुटला की उर्बेन आपल्या सपाट बुडाच्या होडीवर मोठे चौकोनी शीड चढवी आणि गावोगावची वाइनची पिंपे घेऊन प्रवाहाच्या उलट वर मोठ्या शहराकडे निघे. वाटेत तो मला बुटातून काढी आणि पिंपाभोवतीचे लाकडी कडे हळूच ठोकून सरकवी. वर एक भोक हवेसाठी, खाली एक भोक धारेसाठी. पेलाभर पिऊन झाले की भोकांत खुंट्या मारी, त्यांवर चरबी आणि राख चोळी, आणि कडे पुन्हा जागेवर ठोकी. कड्याखाली कोण पाहणार? नदीवरचे सगळेच नावाडी हे करत. म्हणून ते चांगले ठरत नाही. मी फक्त काय होत असे ते सांगतो.

पण त्या पापात राहून मी सगळी नदी चाखली, मित्रांनो. समुद्राजवळची मुस्कादे, जिला शिंपल्यातल्या पाण्याची खारट चव. लेयाँच्या टेकड्यांवरची गोड वाइन, मधासारखी दाट. ती माझ्या पिळांत दोन दोन दिवस चिकटून राही. शिनोंची तांबडी, नुकत्याच तोडलेल्या ढोबळी मिरचीच्या देठासारख्या वासाची. व्हूव्रेची तर गंमतच. द्राक्ष तेच, पण एका साली कोरडी, म्हणजे गोडीचा अंशही नसलेली, दुसऱ्या साली गोड, तिसऱ्या साली अशी फसफसणारी की माझी खुंटी तिने उडवून नदीत टाकली. आणि वरच्या डोंगरांतून उतरणारी सांसेर, गारगोटीवर गारगोटी घासल्याचा वास घेऊन येणारी. एवढे सगळे एका नदीच्या काठी!

आणि शहरात लोक काय म्हणत? “नदीची वाइन.” बस्स. आंबट, पातळ, खानावळीत मटणाच्या रश्शाबरोबर ढकलायची. हे ऐकले की माझा पीळ गरम होई. अजूनही होतो. ज्यांनी मुस्कादे आणि सांसेर शेजारी शेजारी ठेवून एक घोट घेतला नाही, ते या नदीचा निकाल लावत!

निकाल लावणारा शहराच्या घाटावरच बसलेला असे. त्याचे नाव ब्रोसार. घाटाला लागलेले प्रत्येक पिंप तो पारखी. त्याने ‘चालेल’ म्हटले तर पिंप राजधानीला जाई. त्याने खडूची फुली मारली तर ते घाटामागच्या व्हिनेगरवाल्यांकडे जाई, कारण वाटेत वाइन आंबली असा त्या फुलीचा अर्थ. ब्रोसारचे पायमोजे पांढरेशुभ्र असत. पिंपाचे वरचे बूच काढायचे, काचेची नळी बोटभर आत घालायची, हुंगायचे, निकाल द्यायचा. तो कधी वाकत नसे. घाटाचे दगड ओले, त्यांवर चिखल आणि माशांचे खवले. गुडघे टेकले तर मोजे खराब होतील ना!

एका वसंतात आमच्या होडीवर जाकीन नावाची विधवा आली. आपल्या पिंपांबरोबर ती स्वतःच निघाली होती. पिंपांवर तिने चिमणीची खूण डागली होती. तिचा दीर म्हणाला होता, “या खेपेला तुझी वाइन फुलीत गेली, तर टेकडीवरच्या वेली उपटून मी ताग पेरणार. भावाच्या हौशी पुरे झाल्या.” त्या वेली तिच्या नवऱ्याने लावलेल्या होत्या. जाकीन दिवसभर पिंपांजवळ बसून त्यांना थोपटत राही.

“बाई, बाळासारखं थोपटू नका. झोपतील ती,” उर्बेन म्हणाला.

“झोपू देत. जागी राहिली तर तुमच्यासारखे नावाडी त्यांना अंगाई गातात म्हणे.”

“आम्ही? छे छे! संत निकोलसची शपथ!”

“मग तुमच्या मिशांना वास कसला येतोय?”

“मिशा नदीवरच्या आहेत, बाई. नदीला सगळ्यांचेच वास येतात.”

बाई हसली. तिची पाठ वळली की मात्र मी बुटातून बाहेर येत असे.

एके दिवशी वारा पडला. सगळ्या होड्या काठाला लागल्या. तिथे नावाड्यांच्या संताचे, निकोलसचे, छोटे देऊळ होते. तिथले म्हातारे पाद्रीबाबा काठावर आले आणि त्यांनी गात गात प्रवचन सुरू केले. बुडत्याला हात देणारा संत, दोर सोडून पळणारा नावाडी, आणि प्रत्येक कडव्याला एकच पालुपद: “निकोलस, तुला दिसतं.” अहाहा, काय आवाज होता! माझ्यासारख्या लोखंडाच्या पिळालाही पाझर फुटला. बाया, नावाडी, सगळे टाळ्या वाजवत पालुपद म्हणू लागले. जाकीन डोळे मिटून गात होती. तिच्या शेजारी उर्बेन सगळ्यांत मोठ्याने गात होता, “निकोलस, तुला दिसतं!” आणि त्याच्या पोटात तिचीच वाइन होती. मला असा संताप आला की बुटातच त्याची टाच फोडावी.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि आम्ही शहराला लागलो. ब्रोसारने पहिल्या पिंपाचे बूच काढले, नळी बोटभर घातली, नाक मुरडले.

“गेली.”

“काय गेली, साहेब?”

“वाइन, बाई. आंबली. पुढचं पिंप.” खडूची फुली. दुसऱ्यावर फुली. “नदीच्या खालच्या अंगाची ना? तिकडच्या वाइनचं हेच होतं. प्रवास सोसत नाही.”

व्हिनेगरवाला हातगाडी ढकलत पुढे आला.

“साहेब, जरा खालून चाखा,” जाकीन म्हणाली. “मी घरून निघताना चाखलीये. ती अशी नाही.”

ब्रोसारने घाटाच्या चिखलाकडे पाहिले, मग आपल्या मोज्यांकडे. “पिंप एकच असतं, बाई. वर काय नि खाली काय.”

खोटे! ऐका मित्रांनो, हे खोटे होते, आणि घाटावर ते दोघांनाच माहीत होते: मला आणि उर्बेनला. रोज थोडी वाइन जाई तसा पिंपात वर पोकळी झाली होती. माझ्याच भोकातून हवा आत शिरली होती. ती वरच्या थराला लागली आणि त्याने आंबूस वास धरला. खाली वाइन जशीच्या तशी होती. पण हे सांगायचे म्हणजे कडे काढून दाखवायचे, आणि कडे काढले की चोर सापडला. पिंप फोडणाऱ्या नावाड्याची होडी जप्त होई आणि पुन्हा नदीवर त्याला कोणी उभे करत नसे.

उर्बेन दोर हातात धरून उभा होता. ‘बोल!’ मी आतून ओरडत होतो. ‘काल सगळ्यांत मोठ्याने गात होतास ना? आता बोल!’ पण गिरमिटाला तोंड नसते.

जाकीनने पदर ओढावा तसा आपला एप्रन पुढे ओढला आणि एका पिंपावरची फुली पुसली. ब्रोसारने पुन्हा मारली. तिने पुन्हा पुसली. मग ती पिंपाला थोपटू लागली, होडीवर थोपटत असे तशी.

उर्बेनने दोर टाकला. त्या ओल्या चिखलात त्याने दोन्ही गुडघे टेकले, मला बुटातून काढले, आणि माझ्या मुठीने ठोकून कडे सरकवले.

“साहेब, वास वरचाच आहे. तो मी आणलाय.” त्याने राख खरवडून खुंट्या दाखवल्या. “रोज प्यायलोय. आज सकाळीसुद्धा. खाली वाइन ठणठणीत आहे.”

मागून एक नावाडी दबक्या आवाजात म्हणाला, “अरे गप्प बस, मुडद्या! आता आमचीही कडी काढतील!”

जाकीनने उर्बेनच्या कानाखाली अशी वाजवली की कबुतरे उडाली. “माझ्या शेजारी बसून गात होतास! ‘तुला दिसतं’ म्हणत होतास!”

“हो, बाई.”

“आणि पोटात माझी वाइन!”

“म्हणूनच आवाज लागला होता, बाई.”

दुसरी बसली. मग ती म्हणाली, “काढ धार.”

खालची खुंटी निघाली. पिवळीधमक धार पेल्यात पडली. पेला उचलून ब्रोसारच्या हाताशी न्यावा लागला. तेव्हाही तो वाकला नाही. त्याने घोट घेतला आणि पेला बाजूला धरला. व्हिनेगरवाल्याने उरलेली संपवली, ओठ चाटले, आणि आपली रिकामी हातगाडी वळवली.

“चालेल,” ब्रोसार म्हणाला. एवढेच. चूक झाली, असे नाही. बाई, माफ करा, असेही नाही. मग उर्बेनकडे बोट करून म्हणाला, “याला धरा.”

उर्बेनची होडी गेली. तो पुढे कुठे गेला मला कळले नाही. माझ्या मुठीतून खिळा मारून मला घाटाच्या भिंतीवर ठोकले, बाकीच्या नावाड्यांना दहशत बसावी म्हणून. तिथे मला कोणी पुसले नाही, तेलाचा थेंब लावला नाही. पीळ गंजले. पण भिंतीवरून मला घाट दिसे. दर वसंतात चिमणीची खूण असलेली पिंपे उतरत. म्हणजे टेकडीवर ताग पेरला गेला नाही. आणि दर वसंतात ब्रोसार बोटभर नळी घालून, वरवर हुंगून, कोणाच्या ना कोणाच्या वर्षभराच्या कष्टावर फुली मारी. त्याने काहीही शिकून घेतले नव्हते.

आता मी खिळ्यासकट संग्रहालयाच्या या दालनात आहे. समोरच्या भिंतीवर पाहा, तैलचित्र आहे. पांढरे मोजे. खाली लिहिले आहे, ‘नदीच्या वाइनचे थोर पारखी’. आणि माझ्याखाली? ‘नावाड्यांचे चोरीचे हत्यार’. काल एक पाहुणा इथे उभा राहून बायकोला म्हणाला, “या नदीची वाइन ना? आंबट असते.” मुस्कादे की शिनों, व्हूव्रे की सांसेर, त्याने विचारलेही नाही. माझा खिळा हलला असता आणि मध्ये काच नसती, तर मी त्याच्या डोक्यात पडलो असतो!

मित्रांनो, तुम्ही वाइन प्या असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो, घरातली हत्यारे पुसून ठेवा. आणि कोणाच्या कष्टाचा निकाल लावायची वेळ आली, तर आधी खाली वाका. कपडे खराब झाले तर धुता येतात.

आणि जाताना त्या चित्राकडे पाहू नका. उर्बेनची आठवण ठेवा. तो चोर होता, चोरच म्हणा. पण त्या दिवशी साऱ्या घाटावर चिखलात गुडघे टेकणारा तो एकटाच होता, हेही म्हणा.